पिशवी काढण्याआधी

गणपती जवळ आले की मेडिकलच्या दुकानात एका गोळीची मागणी वाढते. गौरी बसणार असतात, सत्यनारायण ठरलेला असतो, नणंदेच्या लग्नाची तारीख नेमकी ‘त्याच’ दिवसांत आलेली असते. गोळीचं नाव नॉरएथिस्टेरॉन. बहुतेकींना ते उच्चारताही येत नाही, आणि गरजही पडत नाही. ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ म्हटलं की पुष्कळदा दुकानदार चिठ्ठी न मागताच पट्टी काढून देतो. १९५१ साली मेक्सिको शहरात लुईस मिरामोंतेस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कार्ल जेरासी यांच्या प्रयोगशाळेत हे कृत्रिम संप्रेरक पहिल्यांदा तयार केलं. पूजा आणि पाळी यांचा मेळ घालायला महाराष्ट्रात त्याचा एवढा उपयोग होईल, हे त्या दोघांच्या स्वप्नातही आलं नसेल.

गंमत अशी की पूजेसाठी हे संप्रेरक बिनधास्त गिळणाऱ्या घरात पाळी खरोखर बिघडली की सूर पालटतो. महिन्यातून दोनदा येतेय, पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही, गाठी पडतात, अशी तक्रार सुरू झाली की आधी दोन वर्षं ती अंगावर काढायची. मग कुणी औषध सुचवलं तर ‘हार्मोनच्या गोळ्या नकोत बाई, वाईट असतात’ म्हणायचं. आणि पुढच्याच वाक्यात, ‘पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल.’ अंगावर काढणं आणि पिशवी काढणं, या दोहोंच्या मधे केवढे उपाय पडलेले आहेत याचा पत्ताच नसतो.

अनियमित कशाला म्हणायचं, हे आधी ठरवू. पाळी घड्याळाच्या काट्यावर अठ्ठावीस दिवसांनी यायला हवी, हा समज चुकीचा आहे. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस, रक्तस्राव आठ दिवसांच्या आत, आणि दर महिन्याला आठवडाभर मागेपुढे, एवढं सगळं सर्वसाधारण धरतात. रक्त किती जातं याचा जुन्या पुस्तकांतला आकडा ८० मिलिलिटर; पण तो कुणी मोजायचा? म्हणून आता डॉक्टर वेगळे प्रश्न विचारतात. दोन पॅड एकावर एक लावावे लागतात का? रात्री उठून बदलावं लागतं का? मोठ्या गाठी पडतात का? कामाला, कॉलेजला दांडी होते का? बाईच्या रोजच्या जगण्यात अडथळा येत असेल तर रक्तस्राव जास्त आहे, मग मिलिलिटर कितीही असोत.

पूर्वी अशा बाईच्या फाईलवर डीयूबी ही तीन अक्षरं लिहीत. त्यांचा अर्थ एवढाच, की गर्भाशयाचं काम बिघडलंय. का बिघडलंय, ते त्यात नाही. २०११ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने हा गोंधळ निस्तरला आणि कारणांचे नऊ गट केले. चार गटांत डोळ्यांनी किंवा यंत्राने दिसणारा दोष असतो: पॉलिप, गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेलं अस्तर म्हणजे ॲडिनोमायोसिस, फायब्रॉइडच्या गाठी, आणि कर्करोग किंवा त्याच्या आधीची अवस्था. उरलेल्या गटांत रक्त गोठण्यातला दोष, बीज वेळेवर न सुटणं, अस्तराचाच बिघाड, औषधांचे वा तांबीचे परिणाम येतात, आणि शेवटचा गट यापैकी कशातच न बसणाऱ्यांचा. यादी पाठ करायची गरज नाही. मात्र या नवांपैकी आपलं कारण कोणतं, हे डॉक्टरांना विचारायचा हक्क प्रत्येकीला आहे. डीयूबी ही तीन अक्षरं आजही फाईलवर दिसतात, आणि त्यांच्या आडोशाला बरंच काही खपतं.

तपासण्यांची सुरुवात गर्भधारणेच्या चाचणीने होते. ‘ह्यांचं ऑपरेशन झालंय’, ‘तांबी बसवलीय’ असं सांगितलं तरी ती करतात, आणि ते बरोबरच आहे. नळीत राहिलेला गर्भ कधीकधी अनियमित रक्तस्रावाच्या रूपानेच समोर येतो आणि तो जिवावर बेततो. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या सांगायच्या. साधी तांब्याची तांबीसुद्धा रक्तस्राव वाढवते.

यापुढचा रस्ता वयावर ठरतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीची पाळी पहिली दोन-तीन वर्षं वेडीवाकडी येणं स्वाभाविक असतं. मेंदू आणि बीजकोश यांच्यातली देवाणघेवाण अजून बसलेली नसते, म्हणून दर महिन्याला बीज सुटत नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहतं, आणि त्या अस्तराला घट्टपणा देणारं प्रोजेस्टेरॉन नसतं. सिमेंट न घालता नुसत्या विटा रचत न्याव्यात तशी ही भिंत, आज इथून ढासळते, चार दिवसांनी तिथून. पाळी दोन महिने येत नाही आणि आली की थांबत नाही, त्यामागे बहुधा हेच असतं. चाळिशी ओलांडल्यावर, पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत, पुन्हा हेच घडतं.

मुलींच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. पहिल्याच पाळीपासून रक्त धो-धो जात असेल, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येत असेल, साध्या धक्क्याने काळेनिळे डाग पडत असतील, तर रक्त गोठण्याची तपासणी करायलाच हवी. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांट यांनी १९२६ साली अशाच एका आनुवंशिक विकाराचं वर्णन केलं. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आलांड बेटांवरच्या ज्या मुलीमुळे त्यांचं या विकाराकडे लक्ष गेलं, ती तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीतल्या रक्तस्रावाने गेली. ‘आमच्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं’ हे वाक्य आई सहज बोलून जाते. डॉक्टरांच्या दृष्टीने ती महत्त्वाची माहिती असते.

विशी-तिशीत पीसीओएस हा बीजकोशांचा विकार आणि थायरॉइड ही नेहमीची कारणं. पीसीओएसमध्ये पाळी महिनोन्‌महिने येत नाही, आणि पुष्कळजणींना ते सुखाचं वाटतं. ते तसं नाही. अस्तर आत वाढतच असतं आणि असं वर्षानुवर्षं चाललं तर त्यात कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून तीन महिन्यांत पाळी आली नाही तर दहा-बारा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन ती आणतात. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरलं तरी अनेकींचं बीज पुन्हा सुटू लागतं. आणि इथे डॉक्टरांनी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: मूल हवंय का? उत्तर ‘हो’ असेल तर सगळी औषधयोजना बदलते. तो प्रश्न सासूला किंवा नवऱ्याला नव्हे, बाईला विचारायचा असतो, हे वेगळं सांगावं लागतं एवढंच वाईट.

आता औषधांकडे. सर्वांत सोपं औषध ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. ते संप्रेरक नाही. रक्ताची गुठळी झाली की शरीर ती विरघळवायला लागतं. हे औषध ते विरघळणं थोपवतं. रक्त जास्त जाण्याच्या चार-पाच दिवसांपुरतंच घ्यायचं, एरवी नाही. रक्तस्राव साधारण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी उतरतो. पाळीच्या तारखा मात्र त्याने सुधारत नाहीत, आणि पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गाठ झालेल्यांना ते देत नाहीत. जपानी संशोधक उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते शोधलं आणि १९६२ मध्ये जगापुढे मांडलं. बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रिया वाचवायच्या हा उताकोबाईंचा ध्यास होता, पण पुरुष डॉक्टरांनी त्यांना फारशी दाद दिली नाही. वीस हजार स्त्रियांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०१७ मध्ये त्यांचं म्हणणं खरं ठरवलं. त्या आदल्याच वर्षी, ९८ व्या वर्षी वारल्या होत्या. आपल्याकडे ही गोळी मेफेनॅमिक ॲसिड या वेदनाशामकासोबत एकत्र मिळते. मेफेनॅमिकनेही रक्त थोडं कमी जातं आणि पोटातल्या कळा थांबतात. फक्त उपाशीपोटी घेऊ नये.

दुसरी आपली जुनी ओळखीची, नॉरएथिस्टेरॉन. पंधरा दिवस चाललेला रक्तस्राव थांबवायला डॉक्टर ती दिवसातून तीनदा देतात आणि एक-दोन दिवसांत फरक पडतो. कोर्स संपल्यावर दोन-तीन दिवसांनी पुन्हा रक्त जातं. ती औषध थांबल्यावर ढासळलेल्या अस्तराची पाळी असते, आजार उलटलेला नसतो. हे आधी न सांगितल्यामुळे कितीतरी बायका ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून डॉक्टर बदलतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी तारखा नियमित होतात आणि रक्तही कमी जातं. मात्र पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, रक्तदाब आटोक्यात नसलेल्या, डोळ्यांपुढे चमकून मग अर्धशिशी उठणाऱ्या स्त्रियांसाठी त्या नाहीत. दुकानदाराला यातलं काही माहीत नसतं, म्हणून चिठ्ठी लागते.

आपल्याच देशात शोधलेलं एक औषध आहे, त्याचा उल्लेख हवाच. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं ऑरमेलॉक्सिफीन १९९१ मध्ये ‘सहेली’ नावाने बाजारात आलं. सरकारी दवाखान्यांत ते ‘छाया’ नावाने मोफत मिळतं. आहे ते गर्भनिरोधक, स्टेरॉइड नसलेलं. पण जास्त रक्तस्रावासाठीही भारतातले डॉक्टर ते वापरतात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पाळी लांबते, रक्त कमी जातं. यकृताचा आजार असलेल्यांना आणि पीसीओएसमध्ये बीजकोशावर गाठी असलेल्यांना चालत नाही. स्वस्त म्हणून ते कमी दर्जाचं, असं मानणाऱ्यांनी ते समजून न घेताच बिनकामाचं ठरवलंय.

आणि आता ज्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत तो उपाय: संप्रेरकाची तांबी. नाव तांबी असलं तरी यात तांबं नाही. फिनलंडच्या तापानी लुक्काइनेन यांच्या गटाने विकसित केलेली ही प्लास्टिकची लहानशी टी १९९० मध्ये तिथे पहिल्यांदा मान्य झाली. आत ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं आणि रोज थोडं-थोडं, थेट गर्भाशयात झिरपतं. तांब्याची तांबी रक्तस्राव वाढवते. ही तो सत्तर ते नव्वद टक्क्यांनी, कधी त्याहूनही जास्त घटवते. बसवली की पाच वर्षं बघायला नको. ब्रिटनमध्ये ५७१ स्त्रियांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या गोळ्यांपेक्षा हिने रोजचं जगणं जास्त सुधारलं. त्याच स्त्रियांना पाच वर्षांनी पुन्हा गाठलं, तेव्हा दोन्ही गटांतल्या, म्हणजे गोळ्यांनी सुरुवात केलेल्याही, बहुतेकजणींना शस्त्रक्रिया लागलेली नव्हती. ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते.

मग ती काढून टाकायला बायका का येतात? पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागतात, म्हणून. शिवाय वर्षभरात पाचातल्या एकीची पाळी थांबते आणि घरातली मोठी माणसं सांगतात, ‘घाण आत साठतेय’. आत काहीही साठत नाही. अस्तरच पातळ राहतं, मग बाहेर यायला काही उरत नाही. अडचण खरी आहे ती किमतीची. सरकारी दवाखान्यात मोफत मिळते ती तांब्याची. पण पाच वर्षांच्या गोळ्यांचा, बुडालेल्या मजुरीचा आणि टाळलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मांडला तर ती महाग राहत नाही.

चाळिशीनंतर, किंवा वजन जास्त असेल वा मधुमेह असेल तर त्याआधीही, औषध सुरू करण्यापूर्वी अस्तराचा तुकडा काढून तपासतात. तेही बाह्यरुग्ण विभागात, बारीक नळीने होतं. क्युरेटिंग, म्हणजे आपल्याकडचं ‘पिशवी साफ करणं’, हा मुळात तपासणीचा मार्ग आहे. अचानक खूप रक्त जात असेल तर त्याने तात्पुरतं थांबतं. पण दर सहा महिन्यांनी पिशवी साफ करून घेणं याला उपचार म्हणता येणार नाही. पॉलिप सापडला तर दुर्बिणीतून तो तेवढाच काढतात. फायब्रॉइडची गाठ आतल्या बाजूला आलेली असेल तर तीही तशीच काढता येते. बाहेरच्या बाजूच्या लहान गाठी सोनोग्राफीत दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. पुष्कळ स्त्रियांना त्या असतात आणि त्रास देत नाहीत. मोठ्या गाठींसाठी मांडीतल्या धमनीतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची पद्धत १९९५ पासून आहे, मोठ्या शहरांत ती मिळते. मूल नको असलेल्या स्त्रीसाठी अस्तर उष्णतेने जाळून टाकण्याचीही सोय आहे.

गर्भाशय काढणं चूकच, असं मी म्हणत नाही. कर्करोग असेल, गाठी मोठ्या आणि पुष्कळ असतील, सगळं करून थकलेल्या बाईने समजून-उमजून निर्णय घेतला असेल, तर ती शस्त्रक्रिया तिला नवं आयुष्य देते. वाद आहे तो क्रमाचा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचं शस्त्रक्रियेच्या वेळचं मध्यक वय ३४ वर्षं निघालं, आणि दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झालेल्या होत्या. चौतिसाव्या वर्षी किती जणींनी वरचे उपाय करून पाहिलेले असतील?

बीडमध्ये त्याचं उत्तर मिळालं. जून २०१९ मध्ये विधिमंडळात तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं की जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड मजूर स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस काम चुकलं की खाड्याचा दंड, तोही पाचशे रुपयांपर्यंत. फडाजवळच्या कोपीत ना न्हाणीघर ना संडास. तिथे पाळी म्हणजे थेट नुकसान. त्यातच अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं. पांढरं जाण्यामागे जंतुसंसर्ग असेल तर तो बहुतेकदा गोळ्यांनी बरा होतो. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा मुकादमाकडून उचल, ती फेडायला पुन्हा ऊस.

शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले तर त्याच दिवशी पाळी जाण्याचं वय येऊन ठेपतं. हाडं झिजतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी ते काहींमध्ये अपेक्षेपेक्षा लवकर थकतात. मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्या बाईच्या पाठीला आणि गुडघ्यांना याचा अर्थ काय, ते डॉक्टरांनी सांगायचं असतं. बीडनंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. राजस्थानचे डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला आणि अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. त्यात जिल्ह्यापर्यंत देखरेख समित्या आहेत. कागदावर चांगलं आहे.

कोणताही उपाय निवडला तरी लोह विसरू नये. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर निम्मी वाया जाते. लिंबूपाण्यासोबत घ्यावी, आणि हिमोग्लोबिन बारावर आल्यानंतरही तीन महिने चालू ठेवावी. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नये. पोटाला सोसत नसेल तर शिरेतून द्यायची लोहाची इंजेक्शनं आता चांगली आहेत.

दर तासाला पॅड भिजून बदलावा लागतोय, असं दोन-तीन तास चाललं, किंवा उठल्यावर अंधारी येऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी लागला तरी महिन्याभरात तपासून घ्या. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण अस्तराचा कर्करोग असेल तर तो याच थेंबामुळे लवकर सापडतो आणि बरा होतो. एरवी डॉक्टरांकडे जाताना तीन महिन्यांच्या तारखा आणि रोज किती पॅड लागले ते एका वहीत लिहून न्या. आणि पिशवी काढायला कुणी सांगितलंच, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी कारणाचं नाव लिहून मागा, तुकड्याच्या तपासणीचा अहवाल मागा, बीजकोश ठेवणार की काढणार ते विचारा, आणि तो सगळा कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. कर्करोग नसेल तर महिनाभर थांबल्याने काहीही बिघडत नाही.